जिप्सीच्या तऱ्हा

जुनी फोर बाय फोर घ्यायचं स्वप्न ऑफिसातल्या प्रत्येक तिसऱ्या टेबलावर दिसतं. स्वप्न स्वस्तात मिळतं. त्याच्याबरोबर येणाऱ्या कुरकुरीचं काय करायचं, ते मात्र मढे घाटाच्या वाटेवर कळलं!

सगळ्यात आधी कबुली. माझ्या नावावर एक एफडी होती. बाबांनी ती माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवली होती. मी ती मोडली आणि एक १९९८ ची जिप्सी घेतली. हिरवी, कापडी टपाची, एक लाख नव्वद हजारांची.

बाबा तीन आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. म्हणजे 'दूध आलं का', 'गॅसचा नंबर लावला का' वगैरे. चौथ्या आठवड्यात एकदा चहा पिता पिता म्हणाले, "एक ट्रिप कर. माझ्यासमोर. टोचन न करता घरी परत आणलीस तर ठेव. नाहीतर विकून टाक आणि पैसे परत एफडीत टाक."

फेअर डील! ट्रिप ठरली मढे घाटाची. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, मंगळवार. वीकएंडला तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि रस्त्यात बंद पडायचंच असेल तर प्रेक्षक कमी असलेले बरे.

पण त्याआधी हातात होते दहा दिवस आणि गाडी होती पार्किंगमध्ये ढिम्म.

जिप्सीच का?

कारण ती प्रामाणिक गाडी आहे, बॉस. १९८५ साली जिप्सी भारतात आली ती सुझुकीच्या एसजे-४१० या मॉडेलवर बेतलेली, हजार सीसीच्या आतल्या इंजिनाची. १९९६ मध्ये १.३ लिटरची 'जिप्सी किंग' आली. लष्कराने ती वापरली, पोलिसांनी वापरली, जंगल सफारीवाल्यांनी तर जीव टाकला तिच्यावर. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ती मिळायची थांबली. २०२३ मध्ये तिची नात म्हणावी अशी पाच दरवाजांची जिम्नी आली खरी, पण तिची किंमत बघून आमच्यासारखे फ्रीलान्सर शोरूमच्या काचेला नाक लावून परत येतात.

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. निदान माझ्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलमध्ये तरी नाहीत. त्यामुळे जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, नाहीतर नाकाला वास येतो. फक्त बघायला, ऐकायला शिकावं लागतं.

टक्...

पहिल्याच सकाळी चावी फिरवली. आवाज आला 'टक्'. पुन्हा 'टक्'. वॉचमन काका म्हणाले, "बॅटरी गेली, ताई." मी लगेच नव्या बॅटरीचे भाव विचारायला निघाले होते. मिस्त्री हसला. "आधी हेडलाइट लावा. मग चावी मारा."

हेडलाइट लख्ख लागले आणि चावी मारल्यावरही फारसे मंदावले नाहीत. मिस्त्रीचं म्हणणं असं, की चावी मारल्यावर दिवे पार विझत असतील तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं कनेक्शन सैल असतं. दिवे तसेच राहिले आणि नुसती 'टक्' आली, तर बॅटरीला दोष देण्याआधी स्टार्टरपर्यंतच्या वायरी आणि अर्थिंग बघायचं. माझ्या गाडीत इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी पडली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. खर्च शून्य. गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

मिस्त्रीची दुसरी शिकवणी रद्दीची. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि सकाळी डाग वाचायचे. इंजिनखाली काळा-तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा किंवा गुलाबी पाणचट डाग म्हणजे कूलंट. मध्यभागी घट्ट, उग्र वासाचा डाग म्हणजे गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट डाग दिसला तर ब्रेक ऑइल असू शकतं आणि मग गाडी हलवायची नाही, मिस्त्रीलाच बोलवायचं.

माझ्या पेपरवर मधोमध दोन थेंब होते. जिप्सीत गिअरबॉक्स वेगळा आणि चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस वेगळी. दोघांना जोडणारा एक छोटा शाफ्ट असतो. म्हणजे गळायला जागाही दोन! आमचे थेंब ट्रान्सफर केसचे निघाले. मिस्त्री म्हणाला, "गळू द्या. लेव्हल बघत राहा. जुनी गाडी गळायची थांबली, तर समजा तेल संपलं."

साठच्या पुढे भूकंप

आता खरी भीतीची गोष्ट. कात्रज बायपासवर ट्रायल घेत होते. स्पीड साठ. एका जॉइंटवरून गाडी गेली आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं, की दोन्ही हातांनी धरूनही आवरेना. स्पीड कमी केल्यावर आपोआप थांबलं. मी कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. खोटं कशाला सांगू, त्या पाच मिनिटांत मला एफडीचा नंबरसुद्धा आठवला.

चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. थोडा फरक पडला, पण रोग बरा झाला नाही. मग गॅरेजमध्ये पुढचं चाक जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावला आणि चाक वरून-खालून धरून हलवलं. खडखड! मिस्त्रीने मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा चाक हलवलं. तरीही खडखड. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली असती तर चाकाचं बेअरिंग सैल असतं. थांबली नाही म्हणजे दुखणं त्याच्या आत, किंग पिनच्या बेअरिंगमध्ये. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखडलं असतं तर टाय रॉडचे एंड संशयित.

जॅक, चार हात आणि ब्रेकचं पेडल. एवढ्यात रोग कळतो! ही टेस्ट गाडी विकत घेण्याआधी करायची असते, हे मला गाडी घेतल्यावर कळलं. किंग पिनची बेअरिंगं आणि सील दोन्ही बाजूंनी बदलली. या महिन्याचे दोन लेखांचे पैसे तिथे गेले. पण थरथर गेली ती गेलीच.

निघालो एकदाचे

मंगळवारी पहाटे पावणेसहाला बाबा खाली आले ते हातात पिशवी घेऊन. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, मेथीचे ठेपले, जुनी बनियन फाडून केलेली फडकी आणि त्यांच्या जुन्या स्कूटरचं टूल पाऊच. "असू दे," एवढंच म्हणाले.

कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, मग नसरापूर फाट्याला उजवीकडे. पुण्यापासून साधारण ३५ किलोमीटर. गाडीबरोबर आधीच्या मालकाचा फास्टॅग आला असेल तर तो काढून आपल्या नावाचा लावा. नाहीतर नाक्यावर तुमची वरात आणि मागच्यांचे हॉर्न!

नसरापूरनंतर रस्ता एकदम गावाचा होतो. मार्गासनीला राजगडकडे जाणारा फाटा मागे टाकला आणि वेल्ह्याच्या अलीकडे तोरणा समोर आला. उंची १४०३ मीटर. अंगावर ढगाची शाल, कड्यांवरून अजून पाण्याच्या बारीक रेघा. शिवरायांनी स्वराज्याचं तोरण बांधलं ते इथे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, बांधांवर सोनकी पिवळीधम्मक फुललेली. कापडी टप मागे गुंडाळलेला. वारा, ओल्या गवताचा वास आणि गाडीचा एकसुरी घरघराट.

बाबा काही बोलले नाहीत. पण ठेपल्याचा पहिला तुकडा त्यांनी मला गाडी चालवता चालवताच भरवला. तीन आठवड्यांनी!

पासलीच्या पुढे

वेल्ह्यात चहा झाला. तिथून केळदकडे वीसेक किलोमीटर. पासलीच्या पुढे चढ लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जोर येण्याऐवजी दम तुटायचा. सपाटीवर बरी, चढावर मेली. शेवटी एका वळणाच्या अलीकडे बंदच पडली.

मी टेम्परेचरचा काटा बघितला. मध्यावर. म्हणजे तापली नव्हती. तापली असती तर नियम सोपा आहे: थांबा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं आणि झाकण काढलं की थेट तोंडावर येतं. काटा चढायला लागलाय आणि थांबायला जागा नाही, तर हीटर फुल्ल करा. तुम्ही भाजून निघाल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल.

पण इथे तसं नव्हतं. मी फोन काढला. रेंज नाही. टोचन न करता घरी आणायची होती ना गाडी? माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

बाबा खाली उतरले. "पेट्रोल वर येत नाहीये," म्हणाले. "स्कूटरला असंच व्हायचं. कचरा."

कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपात बोटाएवढा फिल्टर असतो. पारदर्शक. आमच्या फिल्टरच्या तळाशी काळा-तांबडा गाळ बसला होता. आधीच्या मालकाने गाडी आठ महिने नुसती उभी ठेवली होती. उभ्या गाडीच्या टाकीत आतून गंज चढतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, टाकीत चिकटलेला जुना गाळ सोडवतं आणि जुन्या काळच्या रबरी पाइपांना मानवत नाही. म्हणून पंचवीस-तीस वर्षांची पेट्रोल गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात टाकी साफ करून घ्या, पेट्रोलचे रबरी पाइप नवे टाका आणि फिल्टर बदला. मी पाइप बदलले होते. टाकी राहिली होती. पैसे किंग पिनने खाल्ले होते ना!

इंजिन गार होऊ दिलं. बाबांनी फिल्टर काढला, झटकला, उलट्या बाजूने फुंकर मारली आणि पेट्रोलच्या चवीने तोंड वाकडं केलं. "नवीन नाही का एक?" त्यांनी विचारलं. आणि मला आठवलं! मिस्त्रीने डॅशबोर्डच्या खणात दोन फिल्टर ठेवले होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो, की रस्त्याने चाललेली गुरं थांबून बघायला लागली.

नवा फिल्टर. चार-पाच सेल्फ. घर्र... आणि चालू!

कडा आणि चिखल

केळद मागे पडलं आणि मढे घाटाचा कडा आला. इथे जमीन एकदम संपते. खाली कोकण, समोर डोंगरांच्या रांगा, बाजूला लक्ष्मी धबधबा दरीत झोकून देतोय. तानाजी मालुसरे कोंढाण्यावर १६७० साली पडले. त्यांचा देह याच वाटेने खाली उमरठला नेला, म्हणून मढे घाट, असं सांगतात. बाबा कड्यापासून चार हात मागे उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. मी फोटो काढला नाही. काही गोष्टी आपोआप लक्षात राहतात.

फोटो काढायचा होता तो गाडीचा. रस्त्यापासून खाली एका हिरव्यागार तुकड्याकडे मी गाडी वळवली. जाहिरातीत दाखवतात तश्शी! बांधावर बसलेले एक आजोबा उठून आडवे आले.

"पोरी, हितनं खाली घालू नको. खाचर हाय त्ये. बांध फुटला तर पानी ऱ्हातंय व्हय?"

जे मला गवत वाटलं होतं ते लोंबीवर आलेलं भात होतं. चुकून मी कुणाचं तरी वर्षभराचं धान्य चाकाखाली घातलं असतं. ऑफ-रोड हा शब्द आपल्याला शहरात फार भारी वाटतो. पण रस्ता सोडला की सुरू होतं ते बहुतेक वेळा कुणाचं तरी शेत असतं, कुरण असतं, नाहीतर ओढ्याचं पाणी.

"मग गाडी कुठे लावू, आजोबा?"

त्यांनी बैलगाडीची जुनी वाट दाखवली. तिथे मात्र चिखल होता. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. हाच तो क्षण! क्लच दाबून मी ऐटीत छोटा लिव्हर फोर-एचमध्ये टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दिला... आणि गाडी आणखी चार बोटं खाली गेली. पुढची चाकं ढिम्म!

आजोबा म्हणाले, "फोर व्हील हाय का टू व्हील?"

चूक माझी. माझ्या गाडीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब आहेत. एरवी पुढची चाकं मोकळी फिरावीत म्हणून ते 'फ्री'वर असतात. ते 'लॉक' केल्याशिवाय आतला शाफ्ट फिरतो, चाक फिरत नाही. जुनी फोर बाय फोर घेताना 'चालते ना फोर व्हील?' हा प्रश्न पुरत नाही. मातीच्या रस्त्यावर हब लॉक करून, लिव्हर प्रत्येक पोझिशनला टाकून, समोर चालवून दाखवायला सांगा. अनेक गाड्यांत वर्षानुवर्षं लिव्हरला कुणी हातच लावलेला नसतो.

बाबा पँट दुमडून चिखलात उतरले. एक हब सहज फिरला. दुसरा फडक्याने धरून, पानं अलगद ठोकून फिरवावा लागला. मी चारही टायरांची हवा थोडी कमी केली. टायर पसरतो आणि पकड वाढते. मग गाडी फोर-एलमध्ये टाकली, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका. जिप्सी म्हशीसारखी सावकाश उठली आणि चिखलातून बाहेर आली. आजोबांनी टाळी वाजवली. बाबांनी नाही. पण चेहरा बघायला हवा होता!

परतीचा शेवटचा पेपर

डांबरी रस्त्यावर आलो, तर स्टिअरिंग जड आणि लिव्हर फोरमधून निघेना. घाबरू नका, हे नेहमीचं आहे. अशा गाडीत फोर व्हील घातलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधले जातात. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक जरासं घसरून हिशेब जुळवतं. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, म्हणून सगळा ताण गिअरांवर येतो आणि लिव्हर अडकतो. उपाय एकच: सरळ रेषेत दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या आणि लिव्हर अलगद ओढा. खट्ट! सुटला. लिव्हरशी कुस्ती खेळू नका. आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावून मिरवू नका.

हब पुन्हा 'फ्री' केले, वेल्ह्यात टायरांत हवा भरली आणि पाबे घाटातून परत निघालो. वरच्या खिंडीत थांबलं की राजगड आणि तोरणा दोन्ही एका नजरेत दिसतात. ऊन उतरत होतं. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं ठेपला मागतायत.

"चावी दे," म्हणाले.

खानापूरपर्यंत त्यांनी चालवली. चाळीसच्या वर नाही, प्रत्येक वळणाला हॉर्न. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं खाल्ली आणि साडेसातला घरी. स्वतःच्या चार चाकांवर!

एफडीचा विषय अजून निघालेला नाही. निघेल, मला माहीत आहे आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल. पण हल्ली सकाळी बाबा पेपर वाचायच्या आधी खाली जाऊन येतात. काल मी गॅलरीतून बघितलं. गाडीखालून कालचा पेपर ओढून काढला, चष्मा वर करून निरखला आणि वर बघून ओरडले, "आज तीन थेंब आहेत गं!"

जुनी फोर बाय फोर घेताय? एवढं बघाच!

• आरसी बुकावरचा चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा.

• खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याची मुदत कधी संपते ते पाहा. ग्रीन टॅक्स भरल्याची पावती मागा.

• नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५.

• इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका.

• पुढचा लोखंडी बुल बार, बदललेलं इंजिन, बदललेली बॉडी दिसली तर सावधान. असे बदल आरटीओत अडचणीत आणतात.

• चॅसीच्या कडा, पाट्यांचे ब्रॅकेट आणि पायाखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भद्द आवाज आला तर आत गंज आहे.

• गाडी सुटताना खालून 'टण्' आवाज येतो? प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा.

• सोबत ठेवा: पेट्रोल फिल्टर, फॅन बेल्ट, फ्यूज, प्लग, टोचनचा पट्टा, जॅकखाली ठेवायला फळी, हवा मोजायचा गेज, कूलंट.

• पावसाळ्यात धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासनाकडून बंदीचे आदेश निघतात. ते बघूनच निघा. आणि बांधावर कुणी आजोबा दिसले तर आधी त्यांना वाट विचारा!